मागच्या चौघांची जबानी

बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेले असल्यामुळे त्याची हवा थंड आणि जमीन चढउताराची आहे, आणि या दोन्ही गोष्टींचा येथील रहिवाशास सारखाच अभिमान वाटत असला, तरी पहिलीचा लाभ उन्हाळ्यापुरता मिळतो व दुसरीचा जाच बारमाही सोसावा लागतो. घाटाखालचा, म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याकडचा, मनुष्य आपली मोटार सपाट पटांगणात हवी तशी उभी करतो आणि जाताना ऐटीत वळवून नेतो. घाटावरच्या आम्हां लोकांस ती उतरत्या गल्लीत नाकासमोर घालावी लागते आणि बाहेर काढताना पाठमोरी, चढणीवरून, देवाचे नाव घेत काढावी लागते. पूर्वेस गुरुजींची दगडी भिंत, पश्चिमेस उघडी नाली, दक्षिणेस विजेचा खांब आणि खांबाच्या बुंध्याशी कोणे एके काळी कोणीतरी आणून टाकलेली व कोणत्याही कामी न लागलेली खडीची रास, अशी माझ्या फाटकाबाहेरील जागेची चतुःसीमा आहे. आणि लोकांच्या जमिनींच्या चतुःसीमा लिहिण्यात ज्याची हयात गेली त्या महसूल खात्यातील सेवानिवृत्त अव्वल कारकुनास स्वतःची चतुःसीमा दररोज आरशातून, म्हणजे उजव्याची डावी करून, वाचावी लागावी, यात नियतीचा काही अंतःस्थ हेतू असला पाहिजे.

पूर्वी या कामी सर्वस्वी मनुष्यसाक्ष चालत असे. मोटारीने मागे येण्याचा इरादा नुसता जाहीर केला की रस्त्याने जाणारा कोणीही इसम, मग तो दुधाचा रतीब घालावयास निघालेला असो की कोणाच्या दहाव्यास, जागच्या जागी उभा राहून हात हलवू लागे आणि "येऊ द्या, येऊ द्या" असा घोष सुरू करी. या घोषातून अंतराचा बोध कधीही होत नाही, होतो तो घोषकर्त्याच्या औदार्याचा; भिंत दहा हातांवर असताना तो ज्या स्वरात "येऊ द्या" म्हणतो त्याच स्वरात ती चार बोटांवर आली असताही म्हणतो, आणि त्याच्या मुखातून "बास, बास" हे शब्द पत्र्याचा आवाज होऊन गेल्यावर बाहेर पडतात. यास अपवाद दोनच. एक एस.टी.चा वाहक, जो खाली उतरून गाडीच्या मागे उभा राहतो आणि ज्याच्या शिट्टीवर चालक मान न वळवता भरवसा ठेवतो. व दुसरा मालट्रकचा क्लीनर, जो ट्रकच्या अंगावर तळहाताने थापा मारून मागची सर्व हकीकत पुढे रुजू करतो, आणि ज्याच्या थापेच्या जोरावरून खड्डा आहे की खांब, एवढेही चालकास उमगते. या दोघांची साक्ष मी कोणत्याही न्यायासनापुढे ग्राह्य धरीन. बाकीच्यांविषयी एवढेच म्हणता येईल की ते अत्यंत निरपेक्ष असतात; नुकसान होताच ते कसलीही अपेक्षा न ठेवता निघून जातात.

अशा या परिस्थितीत सरकारने १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना काही गोष्टी सक्तीच्या केल्या: चालकापुढे एअरबॅग, पट्टा न बांधल्यास टोचणी, वेग ताशी ८० किलोमीटरांच्या वर गेला असता अधूनमधून व १२० च्या वर गेला असता अखंड वाजणारी ताकीद, आणि मागे येताना अडथळा कळवणारे सेन्सर. पैकी वेगाच्या ताकिदीचा प्रसंग राजूर घाटाची वळणे रोज उतरणाऱ्यावर येण्याचा संभव नाही. परंतु सेन्सरांचे कलम वाचून मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने आमची गल्ली पाहिली असावी असा मला दाट संशय आला. माझी मोटार या फर्मानानंतरची आहे. तिच्या मागच्या बंपरात रुपयाच्या नाण्याएवढ्या चार काळ्या टिकल्या ओळीने बसवलेल्या असून, गिअर रिव्हर्सला टाकताच त्या चौघांची चौकशी सुरू होते आणि अंतर कमी होत जाईल तसतशी आतली पेटी प्रथम सावकाश, मग घाईने, आणि शेवटी एकसारखी वाजते.

त्यांच्या कामाची रीत समजून घेतल्यावर या चौघांविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. प्रत्येकाच्या पोटात एक भाजलेल्या मातीच्या जातीची चकती असते; तिला विजेचा धक्का दिला की ती थरथरते, आणि बाहेरून कोणी तिला थरथरवले की ती विजेचा धक्का देते. काही स्फटिक दाबले असता वीज प्रकट करतात हे पिएर क्यूरी आणि त्याचा थोरला भाऊ जाक या दोघांनी १८८० साली दाखवून दिले, आणि पहिल्या महायुद्धात लांझव्हँ या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्याने त्याच गुणाचा उपयोग समुद्राच्या पोटातील पाणबुड्या हुडकण्याकडे केला. माझी गल्ली या परंपरेत बरीच उशिरा आली. चकती सेकंदास सुमारे ४०,००० कंपने इतक्या उंच स्वरात क्षणभर ओरडते. मनुष्याच्या कानाची धाव २०,००० पर्यंत, तीही तरुणपणी. त्यामुळे ही आरोळी गल्लीत कोणासही ऐकू जात नाही. ओरडून झाल्यावर ती गप्प राहते आणि आपल्याच आरोळीचा प्रतिध्वनी ऐकते. भिंत एक मीटरवर असेल तर तो सेकंदाच्या सुमारे १७० व्या भागात परत येतो, आणि त्या अवधीवरून पेटी अंतराचा हिशेब करते. सार्वजनिक जीवनात ओरडणारे विपुल आहेत व ऐकणारेही थोडे सापडतात, परंतु ओरडून झाल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प राहणारा मला माझ्या सबंध नोकरीत आढळला नव्हता, तो बंपरात आढळला.

ही युक्ती मनुष्याने काढली असा कोणाचा समज असेल तर त्याने लोणारास जावे. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडलेल्या त्या अवाढव्य विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठाकाठाने जी जुनी देवळे आहेत, त्यांच्या काळोख्या गाभाऱ्यांत वटवाघळे आपल्या डोक्यावरून अशी निसटून जातात की त्यांचा वारा लागतो पण पंख लागत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पालान्झानी नावाच्या इटालियन धर्मगुरूस असे दिसून आले की डोळे गेलेले वटवाघूळही बिनदिक्कत उडते, मात्र कान बंद केले की ते आपटते. पण ते तोंडाने काय करते हे कोणासही ऐकू येत नसल्यामुळे प्रकरण तसेच प्रलंबित राहिले, आणि त्याचा निकाल अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन याने १९३८ साली, त्यांची अश्राव्य किंकाळी यंत्रावर पकडून, लावला. सुमारे दीडशे वर्षांच्या या दिरंगाईबद्दल कोणावर ठपका ठेवला गेल्याचे ऐकिवात नाही.

तर असे हे चार साक्षीदार आपले काम चोख बजावीत असता, एका वर्षी आषाढाच्या झडीनंतर गिअर रिव्हर्सला पडताच पेटीने एकच लांबलचक सूर धरला. त्यात सावकाश नाही, घाई नाही, आरोह नाही, अवरोह नाही. मागे भिंत असो वा मोकळे रान, सूर तोच. चिखली रस्त्याच्या कडेला, जिथे मागे नजर पोहोचेल तिथवर हिरव्या सोयाबीनखेरीज काही नव्हते, तिथेही पेटीने मोठ्या संकटाची वर्दी दिली, आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने "काहून बोंबलून राह्यलं बा हे?" असे विचारले, तेव्हा माझ्यापाशी देण्याजोगे उत्तर नव्हते.

ही वार्ता गल्लीत पसरण्यास विलंब लागला नाही, कारण ती रोज सकाळी मोटारच स्वतः पसरवीत होती. आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, आणि रात्रीतून काय हलले, काय सरकले ते पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. भेंडवळचे घट निदान एका रात्रीची मुदत घेतात. आमच्या गल्लीतले भविष्यवेत्ते तेवढाही अवकाश घेत नव्हते. समोरच्या किराणा दुकानदाराने सूर ऐकताक्षणी उंदरावर आरोप ठेवला, कारण त्याच्या गोदामातील सर्व नुकसानीचा तोच एक सर्वमान्य आरोपी होता. पलीकडच्या रंगाऱ्याने बंपरावरच्या रंगाकडे बोट दाखवले. पुण्यात संगणकाच्या कामावर असलेल्या माझ्या भाच्याने फोनवरून, "मामा, बॅटरीची वायर काढा, दहा मिनिटं थांबा आणि परत लावा, सगळं रीसेट होईल," असा उपाय सांगितला. त्याप्रमाणे केले असता घड्याळ बारावर गेले, रेडिओवरची लावून ठेवलेली सर्व केंद्रे पुसली गेली आणि सूर मात्र अधिक स्वच्छ निघू लागला. थोडक्यात, रोगाचे नाव विचारले असता प्रत्येकाने आपापल्या धंद्याचे नाव सांगितले.

गुरुजींचा सिद्धांत त्यातल्या त्यात अभ्यासपूर्ण होता. ते शाळेत विज्ञान शिकवीत असत आणि ज्या भिंतीच्या रक्षणार्थ हा सर्व खटाटोप होता ती भिंत त्यांचीच असल्याने त्यांचे लक्ष या प्रश्नावर एकाग्र झाले होते. त्यांचे म्हणणे असे की हवेतील ध्वनीचा वेग तापमानागणिक बदलतो, दर अंशास सेकंदाला सुमारे ०.६ मीटर इतका वाढतो. म्हणून घाटावरच्या थंड हवेत वाढलेला सेन्सर घाटाखालच्या उष्म्यात नेला की त्याचा हिशेब चुकणारच, आणि मी वारंवार शेगावास दर्शनाला जात असल्यामुळे त्याच्या बुद्धीस कायमचा भ्रम झाला आहे. मी कागद घेऊन बसलो. वर २५ अंश आणि खाली ४५ अंश धरले तर वेगात सेकंदाला १२ मीटरांचा फरक पडतो, आणि त्याने एका मीटरच्या मोजणीत साडेतीन सेंटिमीटरांची तफावत येते. जमिनीच्या मोजणीत याहून मोठ्या तफावतीवर सह्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. साडेतीन सेंटिमीटरांसाठी कोणी एवढा आक्रोश करील हे मला पटेना. गुरुजींनी आकडेमोड तपासली, बरोबर असल्याचा शेरा मारला, आणि सिद्धांत मात्र कायम ठेवला.

आमच्या आत्याबाई त्या सुमारास देऊळगावराजाहून आल्या होत्या. त्यांनी कोणाचेही म्हणणे न ऐकता, "दृष्ट लागली रे बाबा गाडीला," एवढा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी मी उठण्यापूर्वी लिंबू, मिरच्या व बिबा यांची माळ काळ्या दोऱ्यात ओवून, मोटारीचे जे अंग पीडित होते त्याच अंगास, म्हणजे मागच्या बंपराखाली, बांधून टाकली. सुरात फरक पडला नाही. परंतु वाढलाही नाही, ही गोष्ट आत्याबाईंनी माळेच्या खात्यावर जमा धरली.

एका मोठ्या कार्यशाळेत मोटार नेली असता तिथे मोठ्या अदबीने वागवण्यात आले. मला गार पाणी दिले गेले, मोटारीस संगणक जोडला गेला, आणि थोड्याच वेळाने एक सुटसुटीत पोशाखातला तरुण अंदाजपत्रक घेऊन आला. त्यात चारही सेन्सर नवे घालावेत, त्यांची सबंध वायरिंग बदलावी, आणि नवे सेन्सर काळे येत असल्यामुळे ते मोटारीच्या रंगात रंगवून घ्यावेत, असे सुचवले होते; शिवाय रंगाचा थर जाड बसला तर सेन्सर बहिरा होतो, सबब ते काम तिथेच करावे, अशी पुस्तीही होती. संगणकाने चौघांपैकी कोणाचे नाव घेतले आहे काय, असे मी विचारले. त्यावर, "सर, एक गेला की बाकीचेही जातातच," असे उत्तर मिळाले. एकाच्या अपराधाबद्दल सबंध गावावर सामुदायिक दंड बसवण्याची पद्धत मला इतिहासातून ठाऊक होती, पण ती बंपराला लागू झालेली प्रथमच पाहत होतो. अंदाजपत्रक मी विचारार्थ राखून ठेवले.

मलकापूर रस्त्याला पिंपळाच्या सावलीत एक मोटारींचा इलेक्ट्रिकवाला बसतो. मूळचा शेगावकडचा, दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक लाकडी खोके, बॅटऱ्यांची रांग, आणि चहाच्या पेल्यात ठेवलेले फ्यूज. त्याने मोटारीकडे पाहण्याआधी मला एकच प्रश्न केला.

"प्रेशरनं धुतली व्हती काय?"

झडीत घाटातला चिखल बसला होता आणि तो एका धुलाईकेंद्रावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढवला होता, एवढी हकीकत मी निवेदन केली. त्याने मान हलवली, आणि इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक लावून, नुसती चावी फिरवून गिअर रिव्हर्सला टाकण्यास सांगितले. पेटीने आपला सूर लावला. तो दोन-तीन क्षण ऐकून मिस्त्री म्हणाला, "हे भिंतीसाठी नाही बोंबलत साहेब. भिंत दिसली तं थांबून थांबून बोलते. हे सुरुवातीलेच लांब बोलते, म्हंजे आपल्या जोडीदारासाठी बोलून राह्यलं. चौघातला एक पडला हाये."

म्हणजे ज्या सुरास सर्व गल्ली अडथळ्याची वर्दी समजत होती, तो वस्तुतः आजारपणाचा अर्ज होता. चौघांपैकी एकाचे उत्तर आले नाही की पेटी उरलेल्या तिघांची जबानी नोंदवून घेण्याचे नाकारते आणि तसे एकदाच, लांब आवाजात, जाहीर करते. बचावाच्या कामी ही सावधगिरी योग्यच म्हणावी लागेल. चौथ्याच्या बाजूने खांब असला तर तिघांच्या निर्वाळ्याचा उपयोग काय? मोटारीसोबत आलेल्या पुस्तिकेत हे कलम आहे. ती पुस्तिका किराणा दुकानदार, रंगारी, भाचा आणि गुरुजी यांपैकी कोणीही मागितली नव्हती.

पडलेला कोण, हे शोधण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. त्याने टपरीतला रेडिओ बंद करवला, पोऱ्यास हातोडी खाली ठेवावयास लावली, आणि बंपरामागे उकिडवा बसून आपला कान पहिल्या टिकलीस अगदी चिकटवला. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. "हा बोलते. हा नाही बोलत. हा बोलते. हा बी बोलते." चाळीस हजार कंपनांचा स्वर मनुष्यास ऐकू येत नाही हे मी नुकतेच वाचले असल्यामुळे मी आक्षेप घेतला; त्याने उत्तरादाखल माझे बोट धरून पहिल्या टिकलीवर ठेवले. खरोखरच तिथे अतिसूक्ष्म टिकटिक लागत होती. आरोळी ऐकू येत नसली तरी चकतीचे प्रत्येक वेळी दचकून जागे होणे बोटास कळते. दुसरीवर बोट ठेवले: काही नाही. पावसाचे दोन थेंब तिच्यावर सुकून गेले होते, तेवढेच.

माझ्या मते येथे चौकशी संपली होती व दुसऱ्यास बडतर्फ करण्यापलीकडे काही उरले नव्हते. मिस्त्रीस ते मान्य नव्हते. त्याने बंपर उतरवला, दुसरा सेन्सर काढून तिसऱ्याच्या जागी बसवला आणि तिसरा दुसऱ्याच्या जागी, आणि पुन्हा सर्वांस गप्प करून कान लावला. आता तिसऱ्या जागी बसलेला, आतापर्यंत मुका ठरलेला सेन्सर खुशाल टिकटिकू लागला. आणि धडधाकट म्हणून दुसऱ्या जागी पाठवलेला तिसरा चिडीचूप झाला.

"मानूस बरा हाये," मिस्त्री म्हणाला. "जागा खराब हाये."

हे वाक्य ऐकून मी बराच वेळ पिंपळाखाली उभा राहिलो. आमच्या खात्यात बदल्या पुष्कळ होत. काही सोयीने होत, काही गैरसोयीने, काही शिफारशीने आणि काही शिफारस उशिरा पोहोचल्यामुळे. परंतु दोष माणसात आहे की त्याच्या खुर्चीत, हे ठरवण्यासाठी दोघांची अदलाबदल करून नंतर शांतपणे कान लावून बसावे, असा प्रयोग झाल्याचे एकही प्रकरण माझ्या नजरेखालून गेले नव्हते. एका विशिष्ट टेबलावर जो येईल तो काही महिन्यांत मुका होतो हे आम्हां सर्वांस ठाऊक होते, आणि दर वेळी आम्ही मनुष्य बदलीत होतो. टेबलाखालची वायर कोणीही पाहिली नाही.

ती वायर येथे पाहण्यात आली. दुसऱ्या जागी जे कपलर होते, म्हणजे जिथे सेन्सरच्या वायरी मुख्य वायरिंगला चिमट्यासारख्या जोडतात ते टोक, त्याच्या तोंडावरचे रबर निसटून लोंबत होते. फवाऱ्याचे पाणी त्यातून आत शिरले होते, आणि तांब्याच्या तिन्ही पिनांवर हिरवट-निळ्या गंजाची पुटे चढली होती. "कार्बन धरला," असे मिस्त्री म्हणाला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो कार्बन नव्हे, पण त्या क्षणी ही दुरुस्ती सुचवण्याचे मला धैर्य झाले नाही. वायरीवर दाताची खूण कुठेही नव्हती, त्यामुळे उंदीर निर्दोष सुटला. मल्टिमीटर लावून मिस्त्रीने मला दाखवले की वायरिंगकडून वीज पिनेपर्यंत येते आहे आणि गंजाच्या पलीकडे पोहोचत नाही. मग दात घासण्याच्या जुन्या ब्रशावर पेट्रोल घेऊन त्याने एकेक पीन अशा निगुतीने घासली की खामगावचा सराफ चांदी उजळतानाही तशी घासीत नसेल. सैल झालेली पीन बारीक टोच्याने आवळली, वर ग्रीसचा हात फिरवला, रबर जागी बसवले, चिकटपट्टी गुंडाळली, आणि पुढच्या वेळी तिथे पाणी साचू नये म्हणून कपलरचे तोंड खाली करून ते बांधून टाकले. सर्व साहित्याची किंमत चहाहून फार अधिक नसावी.

बंपर चढला. गिअर रिव्हर्सला टाकला. लांब सूर नाही! मागे मोकळा रस्ता, आणि पेटी पूर्ण शांत. मी मिस्त्रीचा हात हातात घेण्याच्या बेतात होतो तोच पेटी म्हणाली, "टिट्." मग थोडा वेळ काही नाही. मग "टिट्, टिट्." मागे कोणी नव्हते, एक कुत्रे होते, पण ते झोपलेले आणि दूर. मिस्त्रीच्या कपाळावर प्रथमच आठी पडली. तो मागे गेला, वाकला, आणि बंपराखालून वाऱ्याने उडून वर येणारी आत्याबाईंची माळ त्याने दोन बोटांत धरून वर केली. दुसरा सेन्सर मुका होता तोवर त्याच्या अगदी पुढ्यात झुलणारे लिंबू त्यास दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वाचा परत येताच त्याने पहिली जबानी दिली ती त्याच्याविरुद्ध. ती माळ ज्या हेतूने बांधली होती तो हेतू पाहता तिला बाधा म्हणणे कठीण, आणि पेटीचे कामच बाधा सांगण्याचे, असा हा पेच होता. शेवटी मिस्त्रीने लिंबू आदरपूर्वक सोडून पुढच्या बंपरास बांधले, जिथे सेन्सर नाहीत. आत्याबाईंस घरी गेल्यावर सांगितले की गुण आला, आता माळ पुढे हलवली आहे. त्यांना याचे नवल वाटले नाही.

त्यानंतर गल्लीत शांतता नांदू लागली. गुरुजींनी हवा गार पडल्याचा हा परिणाम असल्याचे सांगितले, आणि श्रावण असल्यामुळे हवा खरोखरच गार पडली होती.

यानंतरची हकीकत दिवाळीनंतरची. सौभाग्यवतींसह खामगावास जावयाचे होते. बोथ्याच्या घाटाने, ज्ञानगंगा अभयारण्याच्या रानातून रस्ता जातो. याच रानात २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला एक वाघ सुमारे तेराशे किलोमीटर पायी चालून येऊन पोहोचला होता, आणि वाटेतले रस्ते, नाले, गावे व शेते त्याने कोणाच्याही "येऊ द्या"शिवाय ओलांडली होती, ही गोष्ट मी सौभाग्यवतींस सांगितली. त्यावर, "त्याला मागे जायचं नव्हतं," असे त्यांनी लक्षात आणून दिले.

खामगाव म्हणजे कापूस. १८७० साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने या गावी आला आणि जलंबपासून खामगावापर्यंतचा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो या कापसाच्या गाठी मुंबईस व तिथून विलायतेस पोहोचाव्यात म्हणून. वऱ्हाडास सोन्याची कुऱ्हाड म्हणत ते दिवस गेले असले, तरी हंगामात जिनिंगच्या आवारात शिरले की आजही डोळे दिपतात. आमचे एक आप्त तिथे आपल्या मालाच्या वजनासाठी थांबले होते, त्यांची गाठ घेऊन आम्ही निघालो. पुढे ट्रॅक्टर, बाजूस छोटा हत्ती, आणि निघावयास मागचाच काय तो मार्ग. मी गिअर रिव्हर्सला टाकला. पेटी स्वच्छ, निर्धास्त, शांत. आरशात पांढरे उजेड दिसत होते, ते मी आभाळ समजलो. मोटार मागे जात राहिली, पेटी गप्प राहिली, आणि मग कसलाही आवाज न होता मोटार अत्यंत मऊपणे थांबली.

पुस्तिकेत हेही कलम आहे. ध्वनी गिळून टाकणारे मऊ पदार्थ, बारीक दोर, साखळी, कुंपणाची तार, बुटका दगड आणि जमिनीतला खड्डा ही या सेन्सरांस दिसतीलच असे नाही; उलट वाढलेले गवत, पावसाची सर आणि शेजारी उभ्या मालट्रकच्या एअर ब्रेकचा फुत्कार ही नसलेल्या अडथळ्यासारखी भासू शकतात. ही यादी करणाऱ्याने आमच्या जिल्ह्याचा दौरा करून, येथे जे जे आहे ते वगळले असावे. १८७० साली जो माल पाहण्यास व्हाइसरॉय आला, तो माझ्या चारही निरोगी, नुकत्याच तपासलेल्या साक्षीदारांस हातभर अंतरावरून दिसला नव्हता. त्यांनी आरोळी दिली, कापसाने ती पिऊन टाकली, आणि उत्तर न आल्यामुळे चौघांनी प्रामाणिकपणे लिहून दिले की मागे काही नाही.

मी खाली उतरलो. गाडीभर मोकळ्या कापसाच्या वेचणीत माझा बंपर निम्मा रुतला होता. कापसाचा मालक धुरेवर बसला होता, तो सावकाश उतरून मागे आला. त्याने माझ्याकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले, पुढच्या बंपराचे लिंबूही वाकून पाहिले. नुकसान काहीच नव्हते, हे मी त्यास सांगू लागलो. सेन्सर, प्रतिध्वनी आणि मऊ पदार्थ यांविषयीही थोडक्यात सांगितले. त्याने ते सर्व मान डोलावून ऐकून घेतले, आणि मग मोटार थोडी पुढे घेण्याची खूण करून, बंपराच्या फटींत अडकलेल्या पांढऱ्या लडींकडे बोट दाखवले.

"ते झटकून जा साहेब," तो म्हणाला. "अजून वजन व्हायचं राह्यलं हाये."